झोक्यावरची चप्पल

सोमवार, ६ जानेवारी

ही डायरी सेजलच्या कंपनीत वाटली. ती म्हणाली, आई, दूध कधी आलं, कधी नाय ते लिहीत जा. मी दूध लिहिणार नाय. बागेत कोण काय बोललं ते लिहिणार. चौथी शिकलेय, तेवढं पुरतं. उद्या बाया तोंड फिरवतील, तेव्हा माझ्याकडे लिहिलेलं पाहिजे.

सेजल माझी सून. एमआयडीसीत कामाला जाते. मुलगा दीपेश मुंबईला गोडाऊनला. त्यांचं पोर अश्विन, पावणेतीन वर्षांचं. मी त्याला चांगू म्हणते, माझ्या बापाचं नाव. सेजलला पसंत नाय, पण अश्विन म्हटलं तर पोर बघत पण नाय आणि चांगू म्हटलं की वळतं, त्याला मी काय करू. त्याला सांभाळायला दिवाळीपासून मी महाडला ह्या भाड्याच्या खोलीत राहते. आमचे हे तिकडे कापड्याला, गुरांपाशी. नाव तोंडाने घ्यायचं नसतं, लिहायला हरकत नाय. मोरू.

आज चांगू निशाच्या हाताला चावला. ती त्याच्याच एवढी. रक्त नाय आलं, नुसते दात उमटले. तिची आई अशी ओरडली की कुत्रा चावला म्हणावं. मी म्हटलं, पोर हाय, चावणारच, तुमची पण कधीतरी चावेल. ती म्हणाली, आमची नाही चावत. बघू.

का चावला ते कोणी विचारत नाय. बागेत झोके दोन, एकाची साखळी पुराच्या सालापासून तुटून लोंबतेय. उरला एक आणि पोरं ही एवढी. चांगू उतरून घसरगुंडीवर गेला, परत आला तर निशा झोक्यावर बसलेली. मग डोकं फिरणार नाय तर काय.

एक खोड मात्र त्याला वाईट लागलीय. झोक्यावरून उतरला की पायातली एक चप्पल काढून झोक्यावर टाकतो आणि एका पायाने हिंडतो. दोनदा चप्पल हरवली. आमच्या घरात असलं कोणी करत नाय. बागेतलंच कोणीतरी शिकवतंय.

बुधवार, ८ जानेवारी

कोण शिकवतंय त्याचा अंदाज आला. शर्मिला. साहिल नावाच्या पोराची आई, कोर्टाच्या बाजूला राहते. बोलणं पुस्तकातलं. आज चांगू साहिलसोबत मातीत लोळत हसत होता, तेवढ्यात तिने मोबाईल काढला आणि सरळ आमच्या पोराकडे धरला. मी बघितलं म्हटल्यावर खाली ठेवला. पुरावा गोळा करतेय. करू दे, मी पण करतेय.

मग जवळ येऊन म्हणाली, मावशी, झोक्याला दहा झोके मोजू या का, मग दुसऱ्याचा नंबर. आपण दोघी मोजू. मी म्हटलं, मोजणारी तू कोण? नगरपालिकेने ठेवलीय? गप्प बसली. गप्प बसणारी माणसं मला आवडत नाय. त्यांच्या पोटात काय ते कळत नाय.

शनिवार, ११ जानेवारी

कापडे. सेजलला शनिवारी कंपनी असते म्हणून पोराला घेऊन मी गावी येते आणि रविवारी परत जाते.

महाड डेपोत शनिवारी कापड्याच्या गाडीला मरणाची गर्दी. मुंबईवाले पण उतरून तिथेच उभे. गाडी लागायच्या आत मी खिडकीतून रुमाल टाकते. रुमाल पडला की जागा आपली, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण ठाऊक. पण आता माणसं तशी राहिली नाय, रुमाल उचलून बसतात. म्हणून रुमालामागून मी चांगूला पण खिडकीतून आत सोडते. त्याला सांगून ठेवलंय, आपली जागा, कोणाला बसू द्यायचं नाय. आज एक पँटवाला रुमाल सारून बसायला गेला, तर चांगूने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मी दारातून चढून पोचेपर्यंत तो बोट झाडत उभा. म्हणाला, काय पोर हाय का काय हाय. मी म्हटलं, रुमाल दिसला नाय का तुला?

शाबास माझा वाघ. पोलादपूर स्टँडवर त्याला भजी घेऊन दिली.

सोमवार, १३ जानेवारी

बागेच्या फाटकाशी बाया जमल्या होत्या. मध्ये शर्मिला, हात हलवून हलवून बोलत होती. मी दिसले तशा सगळ्या गप्प. निशाच्या आईने तोंड वळवलं.

फाटकावर महिपत असतो, त्याला विचारलं काय चाललंय. सांगेना. मग म्हणाला, आजी, बायांचं म्हणणं पडलं, चावणाऱ्या पोराला आत सोडू नको. शर्मिलाताई होत्या म्हणून, नायतर मला आज फाटक लावावं लागलं असतं.

म्हणजे बघा. कोणाला सोडायचं, कोणाला नाय, ते आता ही बाई ठरवते.

बुधवार, १५ जानेवारी

सेजल रोज जेवण झालं की गॅलरीत जाऊन फोनवर बोलते. दार लोटून घेते. आधी असं नव्हतं. आज दारापाशी भांडी पुसत बसले. आवाज चढला होता, पण शब्द नाय कळले. "आई" एवढं दोनदा आलं. माझं नाव निघतंय म्हणजे चांगलं काही नसणार.

फोन चार्जिंगला लावला तेव्हा वर चांगूचा फोटो दिसला. मातीत, हसताना, बाजूला साहिलचा पाय. मी विचारलं, हा कोणी काढला? ती म्हणाली, असाच आला. फोटो असाच येतो होय कुठून तरी.

शर्मिला आणि सेजल एकमेकींना ओळखतात. हे मला कोणी सांगितलं नाय.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज वाईट झालं. झोक्यावर चांगूची चप्पल होती. साहिलने ती खाली टाकली आणि बसला. चांगू घसरगुंडीवरून धावत आला आणि त्याला मागून असा ढकलला की साहिलचं कपाळ खांबावर आपटलं. टेंगूळ आलं. निशाची आई म्हणाली, हे पोर घरी बांधून ठेवा. मी चांगूला दोन ठेवून दिल्या. तो रडला नाय, माझ्याकडे बघत राहिला, जसं मीच काहीतरी चुकीचं केलं.

शर्मिला धावत आली. साहिलला उचललं, पाणी लावलं, मग चांगूपाशी उकिडवी बसली आणि त्याला म्हणाली, बाऊ झाला बघ त्याला. चांगूने टेंगूळ बघितलं. बोट लावून बघितलं. असला गोडवा मला संशयाचा वाटतो. स्वतःच्या पोराला लागलं तर कोणी असं बोलतं?

बाकावर सहदेव म्हणून एक म्हातारे बसतात, नातीला घेऊन येतात. एसटीत कंडक्टर होते. ते उठले, खाली पडलेली चप्पल उचलून उलटीपालटी करून बघितली आणि हसले. म्हणाले, बाय, तुमचा नातू गाडीने फार हिंडतो वाटतं. मी म्हटलं, हिंडतो, त्याला अजून तिकीट लागत नाय. तर आणखीच हसले. आम्ही खेड्यातले म्हणून हसायचं. म्हातारपणी पण लोकांची खोड जात नाय.

संध्याकाळी सेजलला सगळं आधीच ठाऊक. खाली मान घालून म्हणाली, दीपेशचं म्हणणं आहे, अश्विनला विक्रोळीला आईकडे ठेवू, तिथे प्लेग्रुप आहे. तुम्ही मग गावी आरामात राहाल. सव्वीस तारखेला सुट्टी आहे, तो येणार आहे न्यायला.

आईकडे म्हणजे तिच्या आईकडे.

मी विचारलं, तुझं म्हणणं काय? ती म्हणाली, मी बघते. मी बघते म्हणजे काय. भाकरी थापताना हात भाजला.

शनिवार, १८ जानेवारी

गाडी उशिरा लागली. गर्दी नेहमीची. मी कमरेचा रुमाल काढतेय एवढ्यात चांगूने काखेतूनच पायातली चप्पल ओढली आणि खिडकीतून आत टाकली. सीटवर पडली. म्हणाला, "आपली." आणि दोन्ही हात वर केले, मी त्याला आत सोडावं म्हणून.

मी तशीच उभी. मागून बाया ढकलत होत्या, एक म्हणाली, ओ मावशी, चढा नायतर सरका. मी पोराच्या उघड्या पायाकडे बघत होते.

आधी राग आला तो सहदेवांचा. कळलं होतं तर सरळ सांगायचं, हसायचं काय.

पोलादपूरपर्यंत मी ती चप्पल हातात धरून बसले. मग वाटलं, पोराचं चुकलं कुठे? चप्पल टाकलेली, म्हणजे जागा धरलेली. निशा बसली, साहिल बसला, चुकी त्यांची. सोमवारी जाऊन ठणकावून सांगते सगळ्यांना.

घरी ह्यांना सांगितलं. हे गोठ्यात होते. आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, तुझा रुमाल उचलून कोणी बसला तर तू काय करतेस गो?

म्हटलं, हाताला धरून उठवते.

"त्याचा हात पुरत नाय, म्हणून तो दात लावतो. एवढंच हाय."

मी म्हटलं, मग बरोबरच हाय त्याचं. तर हे म्हणाले, गाडीत बसलं की कापडे आलं की उतरायचं. झोक्याला गाव येतं का कुठलं? चप्पल टाकून पोर दिवसभर घसरगुंडीवर राहील, आणि बाकीच्यांनी उभ्याने बघायचं?

 मी म्हटलं, तुम्ही गुरांचं बघा.

रविवार, १९ जानेवारी

आठवडाभरात दीपेश येईल. पोराला सांगून कळत नाय, जे करतं ते बघून करतं. म्हणून आज गाडीत रुमाल टाकला नाय. चांगूने चप्पल काढली ती हातातून घेतली आणि परत पायात घातली. रांगेने चढलो. रांग कसली, मीच एकटी रांगेत, बाकीचे दोन्ही बाजूंनी पुढे गेले. जागा मिळाली नाय. चांगूने कमरेवर लाथा मारल्या, "आपली, आपली" करून अख्खी गाडी डोक्यावर घेतली. कापडे ते पोलादपूर उभी. पाठ मोडली.

पोलादपूरला एक कॉलेजची पोरगी उठली आणि म्हणाली, काकी, बसा. मी तिला म्हटलं, तू उतरणार हायस? नाय म्हणाली. मग का उठलीस? ती गोंधळली. मी बसले, पण महाडपर्यंत पिशवी घट्ट धरून बसले.

चांगू तिच्याकडे सारखा बघत होता. ती दांड्याला धरून उभी होती, चप्पल दोन्ही पायात.

मंगळवार, २१ जानेवारी

बागेत गेलो. महिपतने सोडलं, पण लांब तोंड करून.

चांगू उतरला, चप्पल टाकली. मी उचलून पायात घातली. परत काढली, परत घातली. असं चाललं. शेवटी तो माझ्या मनगटाला चावला. मला. अजून वळ हाय. पहिल्यांदा कळलं केवढं लागतं. निशाचा हात एवढासा.

घरी येताना निशाची आई समोरून आली. मी थांबले आणि मनगट दाखवलं. म्हटलं, मला पण चावला. तिने बघितलं. म्हणाली, हळद लावा. आणि गेली. पण तोंड वळवलं नाय.

गुरुवार, २३ जानेवारी

शर्मिला आता स्वतःच झोक्याशी उभी राहून मोठ्याने मोजते. मी लांबून मनात मोजते, फसवते का बघायला. माझ्या लक्षात आलं, साहिलचे दहा झोके सरळ मोजते, चांगूच्या वेळी आठनंतर रेंगाळते. आठ... मग इकडे तिकडे बघते... मग नऊ. दहाला पोचेपर्यंत पोराचे बारा होतात. का करते? काहीतरी डाव असणार. आमच्या पोराला जास्त देऊन वर उपकार सांगणार.

आज चांगू दहा म्हणायच्या आत दोनदा उतरला, एकदा ओढून उतरवावा लागला. ढकललं कोणाला नाय. चप्पल टाकली, एकदाच. साहिलने उचलली आणि त्याला आणून दिली. टेंगूळ पिवळं पडलंय.

शनिवार, २५ जानेवारी

आज कापड्याला गेले नाय. ह्यांना फोन केला, म्हणाले, रडतेस काय. मी म्हटलं, कांदा चिरतेय.

चांगूची पिशवी भरली. स्वेटर, तीन चड्ड्या, टोपी, नाचणीचं सत्त्व. विक्रोळीला सत्त्व कोण शिजवून देणार. ती बाई बिस्किटं देईल. भरताना पोर पिशवीत बसलं, काढलं तर परत बसलं. ह्याला ठाऊक नाय कुठली तयारी चाललीय. सेजलने दारातून बघितलं आणि काही बोलली नाय. मला म्हणायचं होतं, बोल की, आता तरी बोल. मी टोपी परत आत कोंबली.

रविवार, २६ जानेवारी

दीपेश सकाळच्या गाडीने आला. वाळलाय. पोर आधी त्याला ओळखेना, मग मोबाईल दिला तेव्हा ओळखलं.

चारला सगळे बागेत. सुट्टी म्हणून तोबा गर्दी, सकाळच्या झेंडावंदनाचे कागदी झेंडे पोरांच्या हातात. बाया सगळ्या हजर, निशाची आई, शर्मिला. सहदेव बाकावर. झोक्यावर एक पोरगी होती, ती उतरली. साहिल पुढे झाला. तेवढ्यात आमचा दीपेश धावला आणि खांद्यावरची बॅग झोक्यावर टाकली. म्हणाला, ये अशू, पप्पाने धरला तुझ्यासाठी.

सहदेवांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

मी गेले आणि बॅग उचलून दीपेशच्या छातीला लावली. म्हटलं, काढ. इथे धरायचं नसतं. साहिलचा नंबर हाय.

"आई, एक दिवस तर आलोय."

"एक दिवसाने तो काय शिकेल ते मला निस्तरावं लागेल. नायतर तुझ्या सासूला."

सगळी बाग बघत होती. साहिल बसला. शर्मिला मोजायला लागली आणि आज मी पण मोठ्याने मोजलं, तिच्या बरोबरीने. चांगू खांबाला धरून उभा. त्याचा हात पायाकडे गेला. चप्पल अर्धी काढली. माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले नाय. पोराचं तोंड लाल झालं, ओठ थरथरले, साहिलचा पाय अगदी त्याच्या नाकासमोरून जात होता आणि ह्याने तोंड उघडलं. 

आणि तो मातीत बसकण मारून रडायला लागला. असा रडला की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक थांबले. हातपाय आपटले, धूळ उडवली, नाक, माती, सगळं एक. दीपेशला लाज वाटली, तो म्हणाला, आई, उचल ना त्याला, लोक बघतायत.

मी म्हटलं, बघू देत. रडतोय. चावला नाय.

निशाची आई हसली. पहिल्यांदा बघितली हसताना, दात बरे आहेत तिचे. साहिल दहाला उतरला. चांगूने रडतच झोका धरला आणि रडतच सगळे झोके घेतले.

घरी नवराबायको गॅलरीत गेली. दार उघडं होतं आज, पण मी मुद्दाम स्वयंपाकघरात राहिले. बाहेर आली ती सेजल सरळ पिशवीकडे गेली. स्वेटर काढलं, घडी घालून फळीवर ठेवलं. चड्ड्या ठेवल्या. सत्त्वाचा डबा माझ्या हातात दिला.

दीपेश सहाच्या गाडीला निघाला, एकटा. पाया पडताना म्हणाला, आई, माझं काय चालतंय हिच्यापुढे? तीन आठवडे रोज फोनवर भांडतेय. म्हणते, पोर आईंपाशीच राहणार, आई कुठे जाणार नाहीत. माझं जेवण खाली उतरू देत नव्हती.

म्हणजे गॅलरीत ते चाललं होतं.

तो गेल्यावर मी सेजलला म्हटलं, एवढं होतं तर मला सांगायचं नाय?

ती पोराचे केस धुवत होती, मातीने चिकटले होते. म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे, आई? तुम्ही नुसत्या बघत होतात."

 मी टॉवेल दिला.

शर्मिलाचं काय ते मात्र अजून कळलं नाय. ती फोटो का पाठवते, आठनंतर का रेंगाळते. उद्या तिलाच विचारते.